डबीवरची टिकली

रुखमाबाईंनी घरात कोणाला न सांगता एस.टी. पकडली ती सत्तरीत, आणि तीही एका टिकलीपायी. रिठदच्या फाट्यावर त्यांनी हात दाखवला, गाडी थांबली, कंडक्टरनं विचारलं, "कुठं जाता आजी?" आणि रुखमाबाईंना ते ऐकू आलं. पहिल्या झटक्यात ऐकू आलं! गेली कित्येक वर्षं ज्या बाईला लग्नातला बँडही डोळ्यांनीच कळत होता, तिला कंडक्टरचा प्रश्न कानांनी कळला म्हटल्यावर तिनं मुद्दामच "काय म्हनला?" करून तो पुन्हा विचारायला लावला. दुसऱ्यांदा तो बिचारा ओरडला.

"वाशीम," रुखमाबाई म्हणाल्या. "अन् हळू बोल ना बाप्पा. बयरी हाय का मी?"

कानात हरभऱ्याएवढी दोन मशीनं होती. महिन्यापूर्वी अकोल्याहून आणलेली. ती आणायचा हट्ट सुनेचा, विजयमालेचा. "आत्याबाईसंगं बोलून बोलून माहा गळा फाटला," असं तिनं नवऱ्याला रोज सुनावलं, तेव्हा कुठं देवानंद हलला. एरवी आईसाठी जीव टाकणारा माणूस. आईच्या छातीत दुखलं त्या दिवशी उभं पीक सोडून तिला अकोल्याला घेऊन धावला होता. मशीनच्या बाबतीतच त्यानं इतके आढेवेढे का घेतले, हे कोणी विचारलं नाही. रुखमाबाईंना वाटलं, पोरगा बिझी आहे.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या पोरीनं मशीन लावताना एक गोष्ट सांगितली होती: हे मशीन फोनला जोडता येतं, मग फोनवरचा माणूस थेट कानात बोलतो. त्या क्षणापासून रुखमाबाईंच्या डोक्यात एकच भुणभुण सुरू झाली. बेबीचा आवाज ऐकायचा.

बेबी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. नातवंडं झाली तरी बेबीच. दिली होती अनसिंगला, जगदेवरावांना. दोघींना भाऊ नाही, त्यामुळे माहेर म्हणजे एकमेकीच. बेबीचा स्वभाव मात्र जगावेगळा. सरळ तोंडानं "ये" म्हणेल तर शपथ! दिवाळी आली की तिचा निरोप यायचा, "यंदा येऊ नको, घरात लय पाहुने हाय." रुखमाबाई निरोप ऐकायच्या, हसायच्या, आणि अनारशांचा डबा घेऊन गाडीत बसायच्या. अनसिंगच्या स्टँडवर उतरलं की बेबी समोर उभी. डोक्यावर पदर, हातात पिशवी. "तुह्यासाठी नाही आली, भाजी घ्याले आली होती," म्हणायची. पिशवीत भाजीचं पानसुद्धा नसायचं.

पुढं रुखमाबाईंचे कान गेले आणि फोन आला, अशा उलट्या क्रमानं गोष्टी घडल्या. मग देवानंद मध्ये बसू लागला. दर सोमवारी, उपास सोडायच्या आधी, तो आईच्या शेजारी बाजेवर बसायचा, मावशीला फोन लावायचा, आपल्या कानाला धरायचा, आणि मावशी बोलेल ते आईच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा. आई बोलेल ते फोनमध्ये सांगायचा. दोन बहिणींचा सगळा संसार त्या एका तोंडातून इकडून तिकडं जायचा. शिव्यासुद्धा. म्हणजे देवानंद त्या जराशा धुऊन-पुसून पोचवायचा, पण रुखमाबाईंना त्याच्या तोंडाकडं पाहून मूळ शिवी कळायची.

मग बेबीच्या पोरीचं लग्न आलं आणि माशी शिंकली. बेबी अक्षत घेऊन रिठदला आली नाही. तिनं देवानंदच्या मोबाईलवर पत्रिका पाठवली, खाली "अगत्य येणे" छापलेली. सख्ख्या बहिणीला मोबाईलवर अक्षत? रुखमाबाई पेटल्या. लग्नाला गेल्या नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं. त्यानंतर सोमवारचे फोन चालू राहिले, पण त्यात फक्त पाऊसपाणी उरलं. पाऊस पडला का? पडला. ठेवते मग.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात रुखमाबाईंच्या छातीत दुखलं. अकोल्याला दोन स्प्रिंगा बसवल्या. घरी आल्यावर पहिल्या सोमवारी देवानंद बाजेवर बसला आणि कमालच झाली. बेबी गोड झाली! "मावशी म्हनते, मागचं विसरून जाय. माही चूक झाली, मी अक्षत घेऊन याले पायजे होतं." रुखमाबाई ढसढसा रडल्या. त्यांनी उलट सांगायला लावलं, "तिले म्हन, माही बी चूक हाय. मी याले पायजे होतं." तेव्हापासून दर सोमवारी बेबीचं तेच सुरू. जप स्वतःला, औषध घे, बरी झाली की ये, वाट पाहते. आजारपणानं माणसं बदलतात, रुखमाबाईंनी मनाशी म्हटलं. पण एक गंमत होती. बेबी "ये, ये" म्हणत होती आणि रुखमाबाईंचे पाय काही हलत नव्हते. डॉक्टरनं प्रवास नको सांगितलाय, असं देवानंद म्हणाला, तेही त्यांनी निमूट ऐकलं.

आता मशीन आलं म्हटल्यावर मात्र धीर निघेना. फोन कानाशी धरला की मशीन शिट्टी मारायचं. स्पीकर लावला तर माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलतोय असं वाटायचं. जोडणी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि जोडणी होत नव्हती. देवानंद रोज संध्याकाळी फोन घेऊन बसायचा, कपाळाला आठ्या घालून बोटं चालवायचा आणि म्हणायचा, "पेअर होऊन नाही राह्यलं, माय. कोड मांगून राह्यलं. आता लोकेशन मांगून राह्यलं." मग फोन बाजूला ठेवायचा. मागच्या सोमवारी तर मावशीचाच निरोप आला: मशीनची घाई करू नको म्हना, असंच बरं हाय.

तेवढ्यात शेजारच्या ललिताबाईंनी टिकलीची गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलानं त्यांना मनगटावरचं घड्याळ आणून दिलं होतं, नाडीचे ठोके मोजणारं. ते सारखं फोनपासून तुटायचं. वाशीमच्या स्टँडजवळ अशफाकचं मोबाईलचं दुकान आहे, त्यानं घड्याळाच्या डबीला एक लाल टिकली चिकटवून दिली. टिकलीला फोन टेकवायचा, ट्रिंग वाजतं, जोडलं! ना कोड, ना काही. रुखमाबाईंनी ते ऐकलं आणि सोमवारी सकाळी देवानंद आणि विजयमाला सोयाबीनवर गेल्याबरोबर मशीनची डबी, आपला बटणांचा फोन आणि देवानंदचा कपाटात पडलेला जुना टचचा फोन पिशवीत घालून फाटा गाठला. त्यांचा बेत साधा होता. बेबीशी बोलायचं, आणि संध्याकाळी देवानंद फोन लावायला बसला की म्हणायचं, "राहू दे रे, मी बोलली सकाळीच." पोराचं तोंड कसं होईल ते पाहायचं होतं त्यांना.

अशफाकचं दुकान म्हणजे फोनच्या कव्हरांच्या माळांमागं बसलेला एक बोलका माणूस. त्यानं मशीनची डबी उलटीपालटी करून पाहिली.

"माह्या पोरानं लय प्रयत्न केले," रुखमाबाई म्हणाल्या. "त्याले नाही जमलं."

"त्याची गलती नाही, मावशी. मशीन बनवते कानासाठी, अन् जोडाची रीत बनवते इंजिनियरसाठी. ब्ल्यूटूथ चालू करा, यादीत आपलं नाव शोधा, सहा आकडे टाका, ह्याची परवानगी, त्याची परवानगी. म्हाताऱ्या मानसाचा तिथंच दम निघते. माह्या अम्मीचं घड्याळ रोज तुटे. रोज मले घरी बलावे. तवा हे टिकलीचं सुचलं. नवं काही नाही, सोय फोनमंधीच हाय, कोनी वापरत नाही."

बोलता बोलता त्यानं रुखमाबाईंचं सिम टचच्या फोनमध्ये घातलं, दोन-चार गोष्टी दाबल्या, आणि एका कागदावरून रुपयाएवढी लाल गोल टिकली सोलून डबीच्या झाकणावर चिकटवली. टिकलीच्या पोटात बारीक तार होती म्हणे, फोनला ती दिसते. मग त्यानं फोन रुखमाबाईंच्याच हातात दिला.

"टेकवा."

त्यांनी देवाला हळदकुंकू लावावं तसा हलकेच टेकवला. ट्रिंग! आवाज दुकानात झाला नाही, त्यांच्या डोक्याच्या आत झाला. रुखमाबाईंनी दचकून मागं पाहिलं. अशफाक हसत सुटला.

"झालं?"

"झालं. मशीनमंधी काहीच खराबी नव्हती. एका दमात जोडलं. आता बोला, पयला फोन कोनाले?"

चौथी शिकलेल्या रुखमाबाईंना जगात एकच नंबर पाठ होता, बेबीचा. तो त्यांनी पाढा म्हणावा तसा म्हटला. अशफाकनं लावला आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. रिंग वाजू लागली. किती जवळून वाजत होती! रुखमाबाईंनी पदर नीट केला, बेबीला दिसणार असल्यासारखा.

"हॅलो," पुरुषाचा आवाज आला.

"जगदेवराव? मी रुखमा बोलते, रिठदहून. बेबीले द्या."

पलीकडे काहीच नाही. रुखमाबाईंनी अशफाककडे पाहिलं, तुटला का म्हणून. त्यानं मानेनंच सांगितलं, चालू आहे.

"द्या ना. कोन हाय ते सांगू नका तिले. मशीन लावलं मी कानाले. तिचा आवाज आयकाचा हाय."

"ताई," जगदेवराव म्हणाले, "हे काय बोलून राह्यल्या तुमी?"

"काहून? झोपली काय?"

"बेबी नाही आता. जाऊन वर्ष झालं तिले. मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं."

शब्द स्वच्छ होते. एकेक अक्षर वेगळं ऐकू येत होतं. दहा वर्षांत इतकं साफ काही ऐकलं नव्हतं रुखमाबाईंनी, आणि तरी त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, मशीनमध्ये काहीतरी चुकलं. दुसऱ्याच कोणाचं बोलणं आपल्या कानात आलं.

"मागच्या सोमवारी तं बोलली," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखते म्हने."

"कोन बोललं?"

"बेबी. दर सोमवारी बोलते. देवानंद लावून देते ना फोन."

जगदेवरावांचा श्वास ऐकू येत होता. इतकं जवळ कोणी श्वास घेतलेला त्यांना सहन होईना.

"ताई, थट्टा करून राह्यल्या का?" ते म्हणाले, आणि मग वर्षभर तुंबलेलं सगळं फुटलं. "मातीले आल्या नाही. तेरवीले आल्या नाही. समदे पाहुने विचारत होते, सख्खी बहीन कुठं हाय? मी काय सांगू? देवानंद एकटा उभा होता कोपऱ्यात. म्हने मायची तब्येत बरी नाही. लग्नाच्या टायमाले बी तुमची तब्येतच बरी नव्हती."

"मले नाही माहीत," रुखमाबाई म्हणाल्या. "जगदेवराव, शप्पत, मले कोनी सांगतलंच नाही."

"तिनं फोन लावला होता तुमाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दवाखान्यातून. मले भायेर काढलं अन् लावला. देवानंदनं उचलला. काय बोलली ते त्यालेच माहीत. सकाळी गेली."

"मी येते. मी वाशीमलेच हाय, इथूनच गाडी..."

"आता येऊ नका ताई. आता कायले येता?"

फोन बंद झाला. कानात ट्रिंग वाजलं, तेच मघाचं. अशफाक दुसऱ्या गिऱ्हाइकाला कव्हर दाखवत होता, त्यानं मान वळवून आनंदानं विचारलं, "लागला ना मावशी? आवाज साफ हाय?"

"साफ हाय," रुखमाबाई म्हणाल्या. "लयच साफ हाय, बाप्पा."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. रडू येईना. अंगावर वीज पडलेलं झाड काही वेळ उभंच राहतं, तसं झालं होतं. बाई मेली, ती आपली बहीण होती, आणि आपण मागच्या सोमवारी तिला गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगितलं. कोणाला सांगितलं? पोळ्याच्या आठवड्यापासून मागं मागं जात त्यांनी एकेक सोमवार आठवला. माही चूक झाली म्हणणारी बेबी, औषध घे म्हणणारी बेबी, ये म्हणणारी बेबी. सगळे सोमवार अकोल्याहून आल्यानंतरचे होते. म्हणजे मेल्यावरच बेबी इतकी गोड झाली होती! रुखमाबाईंनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का आजी?" त्यांना तेही स्वच्छ ऐकू आलं. त्यांना आता काही ऐकायचं नव्हतं.

आणि गावाला सगळं ठाऊक असणार. गल्लीला ठाऊक असणार. ललिताबाईला तर असणारच. देवानंदनं प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन हात जोडले असतील, मायला सांगू नका, तिचं हृदय नाजूक आहे. वर्षभर सगळ्या गल्लीनं तोंड शिवून ठेवलं आणि बहिरीसमोर खुशाल हसत-बोलत राहिली. रुखमाबाईंना लाज वाटली, संताप आला, आणि पुन्हा काहीच वाटेना.

संध्याकाळी देवानंद शेतातून आला. हातपाय धुतले. डोक्यात सोयाबीनचा भुसा तसाच. विजयमाला चुलीशी गेली. तो नेहमीसारखा बाजेवर आईच्या डाव्या बाजूला बसला आणि खिशातून फोन काढला.

"चाल माय, मावशीले लावू."

रुखमाबाईंना वाटलं होतं, पोराला पाहिल्याबरोबर आपण फाडून खाऊ. पण त्या नुसत्या पाहत राहिल्या. त्यानं बोटानं काहीतरी दाबलं, फोन कानाला लावला. मशीनातून रुखमाबाईंना त्याच्या शर्टाची सळसळ ऐकू येत होती, चुलीतलं लाकूड तडकताना ऐकू येत होतं. फोनची रिंग ऐकू येत नव्हती.

"हां मावशी, देवानंद बोलतो. माय बसली बाजूले. कसा हाय गुडघा?" तो थांबला. माणूस जितकं ऐकायला थांबेल तितकंच थांबला. मान डोलावली. मग आईकडं वळला. "बरं हाय म्हनते. एरंडेलानं फरक पडला. तू जेवली का विचारते."

किती सराईत! ह्या पोरानं वर्षभर मेलेल्या बाईच्या गुडघ्याची काळजी घेतली होती.

"तिले विचार," त्या म्हणाल्या, "जगदेवराव कसे हाय?"

"काका मजेत हाय म्हनते."

"तिले विचार, मातीच्या दिवशी तिले कुंकू कोनी लावलं?"

देवानंदचा हात कानाशीच राहिला. चुलीशी विजयमालेच्या हातातली उलथणी खाली पडली, ती रुखमाबाईंना केवढ्या मोठ्यानं वाजली. देवानंदनं आईच्या पायाशी पाहिलं. तिथं मशीनची डबी होती आणि डबीवर लाल टिकली.

"ललिताबाईच्या घड्याळाले हाय तशीच हाय," रुखमाबाई म्हणाल्या. "वाशीमले गेली होती. एका दमात जोडलं. तुले महिनाभर जमलं नाही."

"माय..."

"जगदेवराव बोलले माह्याशी."

मग देवानंद रडला. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा रडला. अकोल्याला तू आत होती, डॉक्टर म्हणाला, हिला धक्का बसला तर आपली जबाबदारी नाही. मी एक दिवसासाठी लपवलं. मग तू घरी आली आणि सोमवारी म्हणाली, लाव बेबीले. मला काय करायचं सुचलंच नाही. एका सोमवारचा दुसरा झाला. एकदा खोटं बोललं की खरं बोलायचा दिवस येतच नाही, माय. हे सगळं तो हुंदके देत सांगत होता आणि विजयमाला पदराला हात पुसत दारात उभी होती.

रुखमाबाईंनी ते सगळं ऐकलं. पोरावर राग धरणं त्यांना जमेना, आणि न धरणंही जमेना. पण त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच.

"तिनं फोन लावला होता आदल्या दिवशी. तू उचलला. काय म्हनली बेबी?"

देवानंदनं डोळे पुसले.

"ते राहू दे, माय."

"काय म्हनली?"

"तुह्या छातीत स्प्रिंगा हाय."

"देवानंद, तुह्या तोंडातून मी तिचं समदं आयकलं. एवढं बी आयकू दे. खरं सांग, धुऊन-पुसून नको."

त्यानं विजयमालेकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिलाही ठाऊक होतं तर.

"म्हनली," देवानंद फोनकडं पाहत म्हणाला, "म्हनली, तुह्या मायले सांगजो, लग्नाले नाही आली, आता माह्या मातीले बी येऊ नको म्हना."

चुलीवरचं काहीतरी करपत होतं. कोणी हललं नाही. देवानंदला वाटलं, झालं, आता आई कोसळते. त्यानं तिचा हात धरला. रुखमाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, डोळे मात्र त्याच्यावरच रोखलेले होते.

"येऊ नको म्हनली?"

"हो. म्हनून तं नाही सांगतलं मी. मरताना असं बोलली मावशी. ते घेऊन तू कशी जगली असती? म्हनून मी मंग तिच्या तोंडचं चांगलं चांगलं..."

"आनखी काय म्हनली?"

"काही नाही. तेच दोनदा म्हनली."

"अन् फोन ठेवला?"

"नाही," देवानंद आठवून म्हणाला. "ठेवला नाही. मी हॅलो हॅलो करत होतो. ती काही बोलत नव्हती, पन फोन चालूच होता. लय वेळ. मी म्हनलं, सांगतो मावशी. मंग मीच ठेवला."

रुखमाबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांच्या मशीननं त्यांना ऐकवला, आणि तो आपला आहे हे त्यांना क्षणभर उमगलं नाही.

"अरे बाबा," त्या म्हणाल्या. "अरे माह्या लेकरा. काय केलं तू?"

"माय, तू..."

"येऊ नको म्हनली ना ती? आयुष्यभर तिनं मले दुसरं काय म्हनलं? दिवाळीले येऊ नको, पाहुने हाय. बाळंतपनाले येऊ नको, सासू हाय. अन् मी उतरली का स्टँडवर उभी. तू बारका होता, माह्या पदराले धरून असे, पाह्यलं नाही का तू? रिकामी पिशवी घेऊन उभी राहे ती. येऊ नको म्हनली म्हंजे ती वाट पाहून राह्यली होती, रे. फोन चालू ठेवून वाट पाहून राह्यली होती."

देवानंद बाजेवरून उतरून खाली जमिनीवर बसला.

"तेवढं एक मले सांगतलं असतं, जसंच्या तसं, तं मी सलाईन तोडून गेली असती. पोचली नसती तं रस्त्यात मेली असती. पन मले कळलं असतं, बेबीनं बलावलं." त्यांचा श्वास लागत होता, तरी त्या थांबेनात. "वर्षभर तिच्या तोंडचं समदं खोटं सांगतलं तू मले. अन् जे खरं होतं, तेवढंच ठेवून घेतलं."

विजयमालेनं पाणी आणलं. रुखमाबाईंनी ते घेतलं नाही. मग बऱ्याच वेळानं घेतलं. आता त्या रडत होत्या, आवाज न करता, आणि देवानंद त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला होता.

"उद्या सकाळी जाऊ अनसिंगले," तो म्हणाला. "मी घेऊन जातो तुले. काकाच्या पाया पडतो, समदं सांगतो."

"जगदेवराव येऊ नका म्हनले."

"तं काय झालं? मावशी म्हने तवा तू जायेच ना?"

रुखमाबाईंनी उजव्या कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं. मग डाव्या कानातलं. झाकण लावताना टिकलीवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

"तिच्या येऊ नकोच्या मांगं ती उभी राहे," त्या म्हणाल्या. "या येऊ नकाच्या मांगं कोनी नाही."

देवानंद काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलताना त्यांना दिसले, पण त्यांनी तोंड फिरवून घेतलं.